सात जणांची गाडी घेताना: शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा

घरात दुसरं मूल आलं, आई-बाबा गावाहून कायमचे राहायला आले, की पाच आसनी गाडी पुरेनाशी होते. मग तीन रांगांच्या मोठ्या एसयूव्हीचा शोध सुरू होतो. शोरूममध्ये विक्रेता तुम्हाला पुढच्या सीटवर बसवतो, स्क्रीन दाखवतो, सनरूफ उघडून दाखवतो. ज्या रांगेसाठी तुम्ही जादा पैसे मोजताय, तिथे कुणी बसूनही बघत नाही. गाडी घरी येते, गणपतीला गावी जायची वेळ येते आणि मागे बसलेल्यांचे गुडघे छातीला टेकतात. म्हणून पुढचा क्रम उलटा आहे. इथे गाडीचा विचार मागून पुढे येतो.

सोबत काय न्यायचं

शोरूमला जाताना मोजपट्टी, घरातली सर्वात मोठी प्रवासी बॅग, मूल लहान असेल तर त्याची चाइल्ड सीट आणि घरातली सर्वात उंच व्यक्ती हे चारही हवेत. आजी-आजोबा रोज गाडीत बसणार असतील तर त्यांनाही न्या. रविवारी संध्याकाळी शोरूममध्ये गर्दी असते आणि निवांत बसू देत नाहीत, त्यामुळे आठवड्यातल्या एखाद्या दिवशी सकाळी जा.

१. आधी माणसं मोजा, मग सीटा

तिसऱ्या रांगेत कोण बसणार आणि किती वेळा, हे कागदावर लिहा. बाकीचे सगळे निर्णय यावरून ठरतात.

वर्षातून तीन-चार वेळाच सात जण असतील आणि मागे दहा-बारा वर्षांची मुलं बसणार असतील, तर बहुतेक गाड्या चालतील. दर आठवड्याला सहा-सात मोठी माणसं असतील, तर यादी एकदम छोटी होते. मग एसयूव्हीच हवी हा हट्ट सोडून इनोव्हा क्रिस्टा, इनोव्हा हायक्रॉस किंवा किया कॅरेन्स यांसारख्या एमपीव्ही, म्हणजे आधी माणसांच्या जागेचा विचार करून बांधलेल्या घराण्यातल्या गाड्याही बघा. बाहेरून रुबाब थोडा कमी वाटेल, पण मागची माणसं तक्रार करणार नाहीत.

सहा आसनी आणि सात आसनी हा फरक इथेच ठरवा. कंपनी सांगते तो आकडा चालकासह असतो. घरात सात जण असताना दिसायला छान म्हणून सहा आसनी गाडी घेतली, तर पहिल्याच लग्नाला एक जण दुसऱ्या गाडीत जाईल.

२. पार्किंग मोजा

हे काम घरून निघण्याआधीच उरका. टाटा सफारी जवळजवळ ४.६७ मीटर लांब आणि १.९२ मीटर रुंद आहे. हायक्रॉसची लांबी ४.७५ मीटरच्या पुढे जाते. मारुती एर्टिगा मात्र ४.४ मीटरच्या आसपास संपते आणि रुंदीलाही १.७५ मीटरच्या आत राहते. कंपनीने दिलेल्या रुंदीत बाजूचे आरसे धरलेले नसतात. त्यात दार उघडून माणूस उतरायला एका बाजूला किमान ५० ते ६० सेंटिमीटर जागा हवी.

मुंबई-पुण्यात सोसायटीचं पार्किंग यांत्रिक असेल, तर गाडी उभी करायच्या लोखंडी पॅलेटजवळच्या पाटीवर लांबी, रुंदी, उंची आणि वजन या चारही मर्यादा लिहिलेल्या असतात. त्या पाटीचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच जागा सेडानच्या उंचीच्या असतात. १.८५ मीटरहून उंच असलेली स्कॉर्पिओ-एन तिथे शिरणारच नाही. तळघरातल्या उतारावर वळण असेल तर टेस्ट ड्राइव्हची गाडी थेट तिथेच आणायला सांगा. चांगला विक्रेता याला नाही म्हणत नाही.

३. शेवटच्या रांगेत वीस मिनिटं बसा

बसायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाडी चालवणाऱ्याने आपली सीट नेहमीसारखी लावायची. मग त्याच्या मागे मोठ्या माणसाने बसून मधली सीट आपल्याला हवी तशी मागेपुढे करायची. शेवटी उंच माणसाने तिसऱ्या रांगेत जायचं. विक्रेता मधली सीट पूर्ण पुढे ढकलून 'बघा किती जागा आहे' म्हणतो, तेव्हा मधल्या रांगेत कुणी बसलेलं नसतं.

आत गेल्यावर आधी मांड्या बघा. मांडी सीटवर टेकतेय की हवेत तरंगतेय? गुडघे कमरेपेक्षा बरेच वर गेले, तर तासाभरात कंबर बोलायला लागते. याचं कारण सीटच्या फोममध्ये नसून गाडीच्या बांधणीत आहे. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्या वेगळ्या चासीवर उभ्या असतात. चासीचे पोलादी दांडे आणि मागचा अ‍ॅक्सल खालून जात असल्याने मागची फरशी उंच येते. छत तर वाढवता येत नाही. मग सीट फरशीच्या जवळ बसवावी लागते आणि गुडघे वर येतात. सफारी, हायक्रॉस, कॅरेन्स यांसारख्या मोनोकॉक गाड्यांत, म्हणजे जिथे वेगळी चासी नसून बॉडी हाच सांगाडा असतो, फरशी खाली ठेवता येते. म्हणून बाहेरून लहान दिसणाऱ्या कॅरेन्समध्ये तिसरी रांग तिच्याहून मोठ्या दिसणाऱ्या काही एसयूव्हींपेक्षा सुखाची वाटते.

पावलं मधल्या सीटच्या खाली सरकतात का, तेही बघा. सीटखाली मोटर किंवा एसीची वाहिनी असेल तर पाय अडकतात.

डोकं छताला लागतंय का हे बसल्याबसल्या कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोक्याच्या मागे काच किती जवळ आहे. मागचं दार बंद करायला सांगा आणि हेडरेस्ट वर ओढून बघा. सीट दुमडताना ते खाली दाबलेलं असतं आणि पुन्हा वर करायला बरेच जण विसरतात. मागून धडक बसली तर मानेला आधार देणारी तेवढी एकच गोष्ट तिथे असते.

एसीची परीक्षा दुपारी घ्या. गाडी अर्धा तास उन्हात उभी असू द्या, मग सुरू करा आणि मागे बसून राहा. मागच्या रांगेला स्वतःचे झरोके आणि पंख्याचा वेग बदलायचं बटण आहे का? काही गाड्यांत झरोके असतात, पण हवा मधल्या रांगेकडून उरलेली येते. मे महिन्यात सात जण भरल्यावर हा फरक घामाने कळतो.

ज्यांना गाडी लागते त्यांचाही विचार इथेच करा. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा थोडी मागे असते, त्यामुळे घाटातल्या वळणावर ती सर्वात जास्त झुलते आणि खड्ड्यावर सर्वात जास्त उसळते. त्यात खिडकी छोटी असली की बाहेरचं क्षितिज दिसत नाही आणि मळमळ वाढते. मागची काच मोठी असलेली गाडी या एका कारणासाठी निवडली तरी ते शहाणपणाचंच आहे. सनरूफच्या यंत्रणेने मधल्या रांगेतली उंची थोडी कमी होते. घरात सहा फुटी माणूस असेल तर सनरूफ नसलेलं मॉडेलही बसून बघा.

बोलेरो आणि बोलेरो निओसारख्या गाड्यांत मागच्या सीटा समोरासमोर, बाजूला तोंड करून असतात. गावातल्या छोट्या फेरीला त्या उपयोगी पडतात. हायवेवर मुलांना तिथे बसवू नका. अपघातात शरीर बाजूला फेकलं जातं आणि त्या दिशेने आधार देणारं काही नसतं.

४. मधली रांग: बेंच, कॅप्टन सीट आणि चाइल्ड सीट

लहान मूल असलेल्या घरांची सर्वात मोठी फसगत इथे होते. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट उलटी दुमडून पुढे ढकलावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत ही सोय फूटपाथच्या बाजूला, म्हणजे डावीकडे असते. त्याच सीटवर चाइल्ड सीट बांधलेली असेल तर ती दुमडताच येत नाही. मागचा रस्ता बंद होतो. मग चाइल्ड सीट उजवीकडे लावावी लागते आणि मुलाला रहदारीच्या बाजूने चढवावं लागतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मधल्या रांगेत सलग बेंचऐवजी दोन सुट्या कॅप्टन सीटा असलेली गाडी. मधल्या बोळातून मागे जाता येतं आणि दोन्ही बाजूंना चाइल्ड सीट कायमच्या राहू शकतात. मात्र बोळाची रुंदी मोजा. आर्मरेस्ट खाली असताना मोठा माणूस त्यातून जात नाही. दुसरा उपाय म्हणजे बेंच असलेल्या गाडीत चाइल्ड सीट उजवीकडे लावून मुलाला आत डावीकडूनच सरकवत नेणं. दोन वर्षांच्या मुलाचं हे जमतं, झोपलेल्या बाळाचं जमत नाही.

चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवणारे आयसोफिक्सचे हुक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या दोन बाजूच्या सीटांवरच असतात, तिसऱ्या रांगेत सहसा नसतात. पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटं घालून लोखंडी कडी हाताला लागतेय का बघा. चाइल्ड सीटच्या वरच्या पट्ट्याचा हुक सीटच्या पाठीमागे असतो, तो वेगळा शोधा. आणलेली चाइल्ड सीट तिथेच लावून बघा. बाळ मागे तोंड करून बसणार असेल तर सीट बरीच जागा खाते आणि पुढच्या माणसाला आपली सीट पुढे घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना बसवलं तर १,००० रुपये दंड आहे. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर कायमचं थांबवा. एअरबॅग उघडते त्या क्षणी बाळ तिच्या आणि तुमच्या मधे असतं.

आजी-आजोबांसाठी मधल्या सीटची जमिनीपासूनची उंची बघा. सीट त्यांच्या कमरेच्या पातळीला असेल तर आधी बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, एवढं सोपं होतं. उंच चासीच्या गाडीत नऊवारी नेसलेल्या आजींना पायरीवर चढून, दांडा पकडून, वळून बसावं लागतं. पायरी आणि दाराच्या खांबावरचं हँडल दोन्ही हवेत. शोरूममध्ये एकदा चढून-उतरून दाखवा म्हणावं, त्या लगेच खरं काय ते सांगतील.

५. डिकी

तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत काय मावतं तेवढंच बघा. जाहिरातीतला मोठा आकडा तिसरी रांग दुमडल्यावरचा असतो. हायक्रॉसमध्ये सगळ्या सीटा उभ्या असताना सुमारे ३०० लिटर जागा मिळते, कॅरेन्समध्ये २१६, एर्टिगात २०९. बऱ्याच एसयूव्ही याच्याही खाली जातात. सात जण आणि सात बॅगा हे बहुतेकांना जमतच नाही, त्यामुळे छतावरच्या कॅरियरचा विचार आधीच करा. छतावरचे रूळ काही मॉडेलमध्ये नुसते शोभेचे असतात. मालकाच्या पुस्तिकेत छतावर किती किलो चालतात ते वाचा.

सीएनजी एर्टिगाचा विचार करत असाल तर टाकी नेमकी डिकीतच बसते हे लक्षात ठेवा.

स्टेपनी कुठे आहे हेही विचारा. गाडीच्या पोटाखाली लटकवलेली स्टेपनी उतरवायला बऱ्याचदा डिकीतून किंवा मागच्या बंपरमधून लांब दांडा घालावा लागतो. त्यासाठी रात्री हायवेच्या कडेला सगळं सामान खाली उतरवावं लागेल. स्टेपनी लहान आकाराची असेल तर तिच्यावर वेगमर्यादा लिहिलेली असते, साधारण ताशी ८० किलोमीटर.

६. इंजिन, वजन आणि घाट

गाडीचं एकूण परवानगी असलेलं वजन वजा रिकामं वजन, हे तुमचं खरं बजेट. सात मोठी माणसं सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५ किलो होतात. त्यात बॅगा, पाणी आणि गावाहून येताना नारळ-तांदूळ धरले तर साडेपाचशे सहज ओलांडतात. पुस्तिकेतून दोन्ही आकडे काढून वजाबाकी स्वतः करा.

या वजनासह कसारा, कशेडी किंवा आंबोली घाट चढायचा आहे. एर्टिगाचं १.५ लिटर पेट्रोल इंजिन १०३ पीएस ताकद आणि १३७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देतं. दोन माणसांसह ते गोड चालतं, सात जणांसह घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढतं आणि ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही. कॅरेन्सचं डिझेल २५० न्यूटन मीटर देतं, क्रिस्टाचं ३४३ आणि सफारीचं ३५०. भरलेल्या गाडीसाठी पीएसपेक्षा टॉर्कचा आकडा बघा, आणि तो किती कमी आरपीएमवर मिळतो तेही.

तरीही सगळ्यांनी डिझेल घ्यावं असं नाही. बीएस ६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग १५-२० मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालावी लागते. रोज शाळा आणि बाजार एवढंच फिरणं असेल तर डीपीएफ तुंबतो, दिवा लागतो आणि सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या सुरू होतात. महिन्याचं फिरणं हजार किलोमीटरच्या आत आणि तेही शहरातलं असेल, तर माझं मत हायब्रिड किंवा टर्बो पेट्रोलच्या बाजूने आहे. शहराच्या रेंगाळत्या गर्दीत हायब्रिडचा फायदा सर्वात जास्त दिसतो. काही डिझेल गाड्यांत ॲडब्लू नावाचं वेगळं द्रवही भरावं लागतं. ते संपलं की गाडी सुरू होत नाही. खरेदीआधी विचारून घ्या.

कोकणात घर असलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. सफारी, हायक्रॉस, कॅरेन्स आणि एर्टिगा या गाड्यांना ओढणारी चाकं पुढची आहेत. सात जण आणि सामान भरल्यावर वजन मागे जातं, चढावर ते आणखी मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या किंवा लाल चिखलाच्या घाटीत ती जागच्या जागी फिरायला लागतात. क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एनला मागची चाकं ढकलतात, तिथे हेच वजन पकड वाढवतं. अंगणापर्यंतचा चढ खरोखर तीव्र असेल तर हा मुद्दा किमतीइतकाच मोठा आहे. पुढच्या चाकांची गाडी आधीच असेल तर चढाच्या पायथ्याशी मागच्या रांगेतल्यांना उतरवा आणि मधे न थांबता एका दमात वर घ्या.

टेस्ट ड्राइव्ह सात जणांनी मिळून घ्या. रिकाम्या गाडीची मऊ वाटणारी सस्पेन्शन भरल्यावर गतिरोधकावर तळाला आपटते की नाही, ते असंच कळतं.

७. सुरक्षिततेचे स्टार नीट वाचा

भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची धडक-चाचणी घेऊन स्टार देणारी भारताची योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. नव्या सफारीला त्यात पाच स्टार मिळाले आहेत. पण मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार वेगवेगळे असतात. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी तीन मिळाले होते. घरात लहान मुलं असतील तर दुसरा आकडा आधी बघा.

समोरच्या धडकेच्या चाचणीत मोठ्यांचे पुतळे पुढच्या दोन सीटांवर आणि दीड व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे मधल्या रांगेत बसवतात. तिसऱ्या रांगेत कुणी नसतं. म्हणून त्या रांगेची तपासणी तुम्हालाच करायची आहे: प्रत्येक सीटला तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आहे का, खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी पडदा-एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का, हेडरेस्ट उंचीला पुरतं का. एअरबॅगचं उत्तर माहितीपत्रकात लिखित मागा.

८. ऑनरोड किंमत स्वतः काढा

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब पेट्रोल, डिझेल आणि हायब्रिड गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो एक्स-शोरूम, म्हणजे नोंदणी आणि विमा जोडण्याआधीच्या किमतीतच धरलेला असतो. महाराष्ट्राचा एकरकमी कर मात्र वेगळा पडतो. वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि २० लाखांच्या वर १३. डिझेलला तेच १३, १४ आणि १५. म्हणजे १८ लाखांची पेट्रोल गाडी २ लाख १६ हजार कर मागते आणि तेवढ्याच किमतीची डिझेल २ लाख ५२ हजार.

टप्पा ओलांडला की नवा दर पूर्ण किमतीवर लागतो. १९ लाख ९० हजारांची पेट्रोल गाडी आणि २० लाख १० हजारांची गाडी यांच्यात किमतीचा फरक २० हजारांचा, पण करात आणखी साधारण साडेबावीस हजार जातात. एखादी सजावटीची सुविधा सोडून टप्प्याखाली राहता येतंय का ते बघा. कंपनीच्या नावावर नोंदणी केली तर कर सरसकट २० टक्के.

१० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, लागतो. तो आयकर विवरणात वजा होतो, पावती जपून ठेवा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा अशी सक्ती मात्र नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा, आकडा तिथेच खाली येतो. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स' अशा नावांच्या ओळी दिसल्या तर त्या कशाच्या, ते लेखी विचारा.

९. कागदपत्रं

- आधार, पॅन आणि पासपोर्ट आकाराचे फोटो
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत करार
- कर्ज असेल तर सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांची विवरणपत्रं
- बुकिंगची पावती. तिच्यावर मॉडेल, रंग, सहा की सात आसनी आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या

१०. नोंदणीआधी गाडी तपासा

तपासणी विम्याची आणि नोंदणीची रक्कम भरण्याआधी करा, नंतर दोष दिसूनही हात बांधलेले असतात. दिवसा उजेडात, धुतलेली पण पॉलिश न केलेली गाडी बघा. चासी क्रमांक फॉर्म २२ शी, म्हणजे कंपनीच्या रस्तायोग्यतेच्या दाखल्याशी, जुळवा. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं. पाचही टायरांच्या बाजूवरचा चार अंकी कोड वाचा: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे.

मग मागे या. तिसरी रांग दोनदा दुमडा आणि उभी करा. लॅच 'टक' करून बसतो का, पाठ हाताने हलवल्यावर खडखडते का? सगळे पट्टे पूर्ण बाहेर ओढून झटका द्या, अडकले पाहिजेत. जॅक, पाना आणि स्टेपनी उतरवायचा दांडा हातात घेऊन बघा.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एक हलक्या वजनाचा आणि एक भरलेल्या गाडीचा. सगळे मिळून निघताना दुसरा वापरा. आणि आरसी हातात आली की आसनक्षमतेचा रकाना वाचा. सात आसनी गाडीला चुकून वेगळा आकडा पडला असेल तर तो पहिल्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, कारण चलान आणि विम्याचा दावा दोन्ही त्याच आकड्यावर बघितले जातात.